मैनेचा नंबर

हेमराज बिसेनने एक्स-रेची फिल्म टेबलावर ठेवली, तेव्हा मारोतरावांनी आधी फिल्म पाहिलीच नाही. फिल्मच्या कोपऱ्यात काळ्या शाईने लिहिलेला कुत्र्याच्या चिपचा नंबर पाहिला. पंधरा आकडे, आणि त्यातला नववा गिरवलेला. तिनाचा आठ केला होता, की आठच होता आणि तो ठळक केला होता, हे भिंग लावूनही कळेना.

"हा आकडा गिरवलेला आहे," मारोतराव म्हणाले.

"पेन चालला नसंन, साहेब," हेमराज म्हणाला. "तुम्ही कमर पाहा ना कुत्र्याची. एकदम टंच आहे. नागपूरच्या डॉक्टरनं काढलेला फोटो होय."

हेमराज मूळचा गोंदियाकडचा, भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा आणि मरोद्याला राहायचा. त्याच्या लॅब्रेडोरचं नाव कॅप्टन. मारोतरावांच्या लॅब्रेडोर मादीसाठी, मैनेसाठी, हा कॅप्टन सगळ्यांत चांगला, असं सेक्टर 2 मधल्या तीन जणांनी सांगितलं होतं. तिघांनी एकच नाव का घ्यावं, याचीच मारोतरावांना पहिली शंका आली होती.

साधनाबाई चहा घेऊन आल्या. त्यांच्या मागून मैना आली आणि नेहमीसारखी मागचे दोन्ही पाय एका बाजूला टाकून दारात बसली. "पाहा, कशी पाटलीणबाई बसली," साधनाबाई कौतुकाने म्हणाल्या. मैना लहान होती तेव्हापासून तशीच बसायची आणि साधनाबाई तेव्हापासून हेच म्हणायच्या.

हेमराज गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता काय राह्यलं?"

"नंबर गिरवलेला आहे."

"अजी, ते कुत्र्याचं लगन होय. रेल्वेचा पूल नाही बांधून राह्यले तुम्ही."

मारोतरावांनी चौतीस वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात काढली होती. माल बाहेर पडण्याआधी प्रत्येक तुकड्यावर ठोकलेला नंबर आणि दाखल्यावरचा नंबर जुळला पाहिजे, हे त्यांचं काम. त्याची एक रीत होती. दोघांनी जायचं. एकाने वाकून लोखंडावरचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने कागदावर एकेका आकड्यावर खूण करायची. आणि ज्याचा माल, त्याच्या हातात कागद कधी द्यायचा नाही. गिरवलेला आकडा दिसला की माल बाजूला. कारण विचारायचं नाही, बाजूला.

मैनेचं चौथं वर्ष चालू होतं. फेब्रुवारीच्या शेवटी ती माजावर येणार होती. मागच्या दोन वेळा मारोतराव "पुढच्या वेळी पाहू" म्हणाले होते. या वेळेला साधनाबाईंनी ऐकलं नाही. मैना म्हातारी व्हायच्या आत तिचं एक पिल्लू त्यांना घरात हवं होतं. बाकीची पिल्लं कोणाकोणाला द्यायची, ती नावं त्यांनी फ्रिजवर लावून टाकली होती. मारोतरावांनी त्या यादीतल्या प्रत्येकाकडे स्वतः जाऊन विचारपूस केली होती: दिवसा घरी कोण असतं, गावाला गेलात तर कुत्र्याचं काय, ठेवणं जमलं नाही तर परत आणून द्याल का, तसं लिहून द्याल का. शेजारचा नरेश हसून म्हणाला होता, "काका, एवढं तर मले नोकरी लागतानाबी विचारलं नव्हतं." त्या रात्री मारोतरावांनी नरेशच्या नावापुढे प्रश्नचिन्ह केलं आणि सकाळी साधनाबाईंनी ते खोडून टाकलं.

ते प्रश्नचिन्ह खोडताना त्या जे बोलल्या नाहीत, ते मारोतरावांना ऐकू आलं होतं.

आठ वर्षांपूर्वी शिल्पासाठी, त्यांच्या एकुलत्या एक मुलीसाठी, वर्ध्याचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि पत्रिकेतली जन्मतारीख यांत अकरा दिवसांचा फरक निघाला. मारोतरावांनी पत्रं लिहिली, ओळखीच्यांकडे चौकशा केल्या, शेवटी मुलाच्या बापाने हात जोडले आणि स्थळ मोडलं. नंतर कळलं की शाळेत नाव घालताना मास्तरने अंदाजे तारीख टाकली होती. त्या काळी सगळ्यांचंच तसं असायचं. मुलगा सोन्यासारखा होता. शिल्पा आता पुण्यात नोकरी करते, रविवारी फोन करते, आणि लग्नाचा विषय निघाला की "बाबा, नेटवर्क नाहीये" म्हणते.

म्हणून या वेळेला मारोतरावांना हो म्हणायचं होतं. अगदी मनापासून म्हणायचं होतं. पण तो नववा आकडा डोळ्यांपुढून हलेना. फिल्म दुसऱ्याच कुत्र्याची असली, उद्या दहा पिल्लं झाली आणि कमरेच्या दोषाने त्यातल्या चारांना दोन वर्षांनी चालता येईना, तर त्या चार घरांना काय सांगायचं? आणि नाही म्हणावं, तर बायकोला काय सांगायचं? की पुन्हा एकदा मला एक आकडा दिसला?

दोन दिवसांनी ते न कळवता मरोद्याला गेले.

हेमराजच्या अंगणात कॅप्टन बसला होता. मागचा डावा पाय वेगळा टाकून, कलता. मारोतरावांनी वाचलेल्या कुत्र्यांच्या पुस्तकात असंच चित्र होतं. कमरेचा सांधा ढिला असला की कुत्रं पाय दुमडून सरळ बसत नाही.

"पायाले काय झालं?" त्यांनी फाटकातूनच विचारलं.

हेमराज बनियनवर बाहेर आला. "बोरीचा काटा रुतला परवा. कावून विचारता?"

"परवा?"

"परवा म्हणजे परवा, साहेब. काटा जपून ठेवला नाही मी, नाहीतर दाखवला असता."

मारोतराव अंगणात उभे राहून सगळीकडे पाहत होते. पाण्याची घमेली स्वच्छ. साखळी नाही. छपराखाली जुन्या गोधडीचं अंथरूण. सगळं इतकं नीट होतं की आपण येणार हे याला आधीच कळलं होतं की काय, असं त्यांना वाटून गेलं.

"यातून तुम्हाला काय मिळणार?" त्यांनी एकदम विचारलं.

"रीत आहे तेच. पहिलं पिल्लू निवडून माझं. मायले पाह्यजे, एक मादी."

"आई कुठे असते?"

"गावाले."

"म्हणजे पिल्लू गावाला जाणार. आम्हाला दिसणार नाही."

हेमराजने कमरेवर हात ठेवले. तो रागावला होता, पण आवाज चढवत नव्हता. "साहेब, तुम्ही माह्यापेक्षा मोठे आहा म्हणून ऐकून राह्यलो. सरळ सांगा, पाह्यजे काय तुमाले?"

"कॅप्टनच्या कातडीखाली चिप आहे म्हणता. तिच्यातला नंबर यंत्रावर वाचायचा. फिल्मवरच्या नंबराशी जुळवायचा. माझ्यासमोर."

"जुळवा. पण मग तुमच्या मैनाचाबी जुळवायचा."

"तिचा प्रश्नच नाही," मारोतराव म्हणाले. "तिचे कागद विजयकुमारचे आहेत."

हेमराजला विजयकुमार कोण ते माहीत नव्हतं. "असंन कोणी मोठा माणूस," तो म्हणाला. "पण बरोबरी म्हणजे बरोबरी."

विजयकुमार हा मारोतरावांचा तपासणीतला जोडीदार. एकवीस वर्षं तो वाचायचा आणि मारोतराव खुणा करायचे. उन्हात, धुळीत, गुडघे टेकून तो प्रत्येक नंबर लोखंडावरूनच वाचे. कागदाकडे पाहून वाचलेला नंबर म्हणजे पाप, असं त्यानेच नव्या पोरांना शिकवलं होतं. निवृत्तीनंतर रायपूरला जाऊन त्याने लॅब्रेडोर पाळले. मैना त्याच्याकडचीच. तिचा चिप-नंबर असलेला जन्मदाखला आणि तिच्या आईवडिलांच्या कमरेचे एक्स-रे निर्दोष असल्याचे दाखले मारोतरावांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले होते. मादीचाही एक्स-रे काढावा, हे वाक्य त्यांनी पुस्तकात अधोरेखित केलं होतं. पण त्यासाठी मैनेला भूल द्यावी लागणार होती, आणि भुलीची त्यांना धास्ती होती. शेजारी समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: कागद वि.कु. चे. गरज नाही.

शनिवारी सकाळी ते सगळे भिलाई-3 ला डॉक्टर सुजाता मेश्रामच्या दवाखान्यात जमले. सुजाताचे वडील रेल्वेत होते. जुन्या रेल्वे क्वार्टरांजवळच तिने दवाखाना थाटला होता. मारोतरावांना ती काका म्हणायची आणि त्यांचे प्रश्न संपेपर्यंत हातमोजे घालत नसे, कारण संपायला वेळ लागतो हे तिला माहीत होतं.

"आधी कॅप्टन," ती म्हणाली. खांद्यांच्या मधोमध तिने यंत्र फिरवलं. यंत्र टुणकन वाजलं.

"तुम्ही वाचा," मारोतराव तिला म्हणाले. फिल्म त्यांनी आपल्याकडे घेतली होती. सुजाता वाचत गेली, ते खूण करत गेले. नवव्या आकड्याला त्यांचा हात थांबला.

"आठ," सुजाता म्हणाली.

"पुन्हा."

"आठ, काका."

पंधराही जुळले. मारोतरावांनी यंत्र हातात घेऊन स्वतः एकदा पाहिलं. आठच होता. सुजाताने फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाली, सांधे उत्तम आहेत. मग कॅप्टनचा पंजा उलटा करून पाहिला. बोटांच्या मध्ये काट्याची जखम होती, सुकत आलेली.

"मग साहेब?" हेमराज म्हणाला. "पेन चालला नव्हता ना?"

साधनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात वर्धा होतं.

मारोतरावांना लाजही वाटली आणि, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखंही वाटलं. आता हो म्हणता येईल. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून मैनेचा दाखला काढला आणि रीतीप्रमाणे हेमराजकडे दिला. "माल माझा आहे. कागद तुम्ही धरा. वाचतो मी."

हेमराजने सुजाताच्या टेबलावरची पेन्सिल उचलली. मारोतराव वाकले. मैनेच्या खांद्यावर यंत्र वाजलं आणि ते खणखणीत आवाजात वाचू लागले. पहिल्यांदाच ते वाचत होते. आजवर त्यांनी फक्त खुणाच केल्या होत्या. एकेका आकड्यावर पेन्सिलीचा बारीक आवाज येत होता. अकरा आकडे झाले. बारावा वाचला आणि आवाज आला नाही.

"पुन्हा वाचा, साहेब."

"सहा."

"इथं दोन आहे."

"नीट पाहा. तुमचा चष्मा..."

"मले चष्मा नाही." हेमराज हळू बोलला. "पुढचे वाचा."

पुढचे तीनही निराळे होते.

मारोतरावांनी कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. यानेच काहीतरी केलं, हा पहिला विचार. दाखला बदलला? पण कधी, कसा? पिशवी तर घरापासून आपल्याच काखेत होती. मग यंत्र बिघडलं असेल. सुजाताने यंत्र बंद करून चालू केलं, पुन्हा फिरवलं. तेच आकडे. कॅप्टनवर फिरवलं, कॅप्टनचे बरोबर आले. तिसऱ्यांदा मैनेवर. सहा.

सगळे तिच्याकडेच पाहत होते. मैनेला वाटलं आपलं काहीतरी चुकलं; तिने शेपटी जमिनीवर आपटली आणि दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसली.

सुजाता तिच्याकडे पाहत राहिली. "काका, ही नेहमी अशीच बसते?"

"हाव," साधनाबाई म्हणाल्या. "लहानपणापासून. आमची पाटलीणबाई..." आणि त्या मध्येच थांबल्या.

"माझ्याकडे येते तेव्हा टेबलावर उभीच असते. मी हिला बसलेली कधी पाहिलीच नाही," सुजाता म्हणाली. "एक्स-रे काढू या. आजच."

भुलीच्या कागदावर मारोतरावांनी सही केली. कॅप्टनची त्याच्यावरच्या आरोपांतून सुटका झाली होती, तो घरी जायला दाराशी ओढत होता; पण हेमराज गेला नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिला. हा का थांबलाय, मारोतरावांना कळेना. मजा पाहायला?

तासाभराने सुजाताने फिल्म दाखवली. कॅप्टनची फिल्म तिने शेजारीच लावली होती, त्यामुळे समजावून सांगायची गरज पडली नाही. त्याच्या मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत खोल बसला होता. मैनेची खोबण उथळ बशीसारखी होती आणि गोळा काठावर टेकला होता.

"दोन्हीकडे आहे. आत्ता दुखत नसेल फार. वजन वाढू द्यायचं नाही, औषध देईन, पोहायला मिळालं तर उत्तम. पण पिल्लं नाही, काका. तिला ते वजन पेलणार नाही आणि पिल्लांतही हे उतरेल. पिल्लं होणारच नाहीत असं ऑपरेशन करून टाकलेलं बरं."

संध्याकाळी मारोतरावांनी रायपूरला फोन लावला. त्यांनी नमस्कारही केला नाही.

"विजय, मैना द्यायच्या दिवशी तू नंबर वाचला होतास. कशावरून वाचला?"

विजयकुमार म्हणाला, "लशीच्या पुस्तकावर स्टिकर होता ना चिपचा, त्याच्यावरून. यंत्राची बॅटरी गेली होती त्या दिवशी. कावून?"

मारोतरावांना तो दिवस आठवला. ते पलंगावर बसले होते, दाखला मांडीवर. विजय खिडकीशी उभा राहून ओळखीच्या आवाजात वाचत होता. पंधराच्या पंधरा खुणा त्यांनी डोळे वर न करता केल्या होत्या. पिल्लू मधे चटईवर झोपलं होतं. त्याला कोणी हात लावला नव्हता. कागदाला कागद जुळवला होता दोघांनी.

"त्या महिन्यात तुझ्याकडे किती माद्यांची पिल्लं होती?"

"दोघींची. एकाच खोलीत. मारोत, पुस्तकं बदलली असतीन रे. मले खरंच..."

"दुसऱ्या मादीचा एक्स-रे काढला होता?"

"नाही," विजयकुमार म्हणाला. "काढणार होतो."

हे खरं की खोटं? चुकून झालं, की चांगल्या कागदाबरोबर उरलेलं पिल्लू खपवलं? एकवीस वर्षं ऐकलेल्या त्या आवाजात मारोतराव काहीतरी शोधत राहिले आणि त्यांना काही सापडलं नाही. पण खुणा आपण केल्या होत्या. तो वाचत होता तेव्हा एकदा मान वर केली असती, तर त्याच्या हातात काय आहे ते दिसलं असतं. "त्या दुसऱ्या मादीच्या पिल्लांना कोणी घेतलं त्यांची नावं दे," एवढंच ते म्हणाले, आणि विजयकुमारने दिली. सात नावं. मारोतरावांनी ती लिहून घेतली. उद्यापासून त्यांना फोन करून कुत्र्यांच्या कमरा तपासून घ्यायला सांगायचं होतं.

साधनाबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. भूल पूर्ण उतरली नव्हती; मैनेचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मारोतराव मागे येऊन उभे राहिले. काय बोलावं, याची त्यांनी मनात चार वाक्यं जुळवली होती आणि चारही त्यांना पुस्तकी वाटली.

"मी म्हणत होतो तसं..." त्यांनी सुरुवात केली.

"तुम्ही तसं म्हणतच नव्हते," साधनाबाई म्हणाल्या. "तुम्ही त्या हेमराजवर शक घेत होते. रोज डोळ्यासमोर बसत होती ही. तुमाले दिसलं नाही, मलेबी दिसलं नाही. मी त्याचं कौतुक करत होती." त्यांनी मैनेचा कान चोळला. "शिल्पाच्या वेळेलाबी कागदच वाचले तुम्ही. त्या पोराले एकदा भेटून आले असते."

मारोतराव पायरीवर खाली बसले. आठ वर्षांत हे वाक्य घरात पहिल्यांदा बोललं गेलं होतं. सुजाताने दाखवलं होतं तसं त्यांनी मैनेच्या कमरेवर अंगठा ठेवून अलगद दाबलं. झोपेतच तिने पाय आखडून घेतला.

दुसऱ्या दिवशी साधनाबाईंनी यादीतल्या प्रत्येकाला स्वतः फोन केला. "नाही, तब्येत बरोबर नाही तिची. नाही, आता कधीच नाही," एवढंच. मग त्यांनी यादी फ्रिजवरून काढली. फाडली नाही, घडी करून डब्याखाली ठेवली.

आठवड्याने हेमराज आला. कॅप्टन बरोबर नव्हता. त्याने चहाला नको म्हटलं आणि उभ्यानेच बोलला.

"दल्ली राजहराले एक मादी आहे, साहेब. तिच्या मालकानं कॅप्टनले बोलावलं आहे. मी सांगितलं, आधी तिचा एक्स-रे, मग गोष्ट. काढला त्यानं. मे महिन्यात पिल्लं होतीन. पहिलं निवडायचा हक माझा आहे, तो तुमाले देतो."

"आणि तुमच्या आईला?"

"मायले दुसरं. तिले सगळी सारखीच."

मारोतरावांच्या कपाळावर ती जुनी आठी आली. "कावून?" त्यांनी विचारलं. "मला कावून?"

"अजी!" साधनाबाई आतून ओरडल्या.

"विचारू द्या, वहिनी." हेमराज पहिल्यांदाच हसला. "साहेब, तिथं दहा पिल्लं होतीन. दहा घरं पाहावी लागतीन. मी क्रेन चालवणारा माणूस, मले दहा लोकायले असे प्रश्न विचारता येत नाहीत. ते काम तुमचं. आधी ते करा, मग पिल्लू घ्या."

म्हणजे याचं काम होतंय. मारोतरावांना बरं वाटलं. कारण नसलेल्या चांगुलपणाची त्यांना भीती वाटे, हे कारण मात्र समजण्यासारखं होतं.

"चिपचं यंत्र सुजाताकडून घेऊन येऊ," ते म्हणाले. "वाचीन मी. पिल्लाला हातात धरून."

"धरा."

"आणि त्या मादीला बसलेली पाहायची आहे मला. कागद नंतर."

साधनाबाई दाराशी आल्या होत्या. "मीबी येतो राजहऱ्याले," त्या म्हणाल्या. "यायले एकट्याले पाठवलं तर हे मालकाचीच जन्मतारीख विचारून येतीन."

हेमराज मोठ्याने हसला. मारोतराव हसले नाहीत. साधनाबाईंनी हे चेष्टेत म्हटलं की तसं नाही, याचा ते विचार करत होते. दारात मैना उठली, दोन पावलं चालली आणि त्यांच्या पायाशी, पाय बाजूला टाकून बसली. या वेळेला कोणीच तिला पाटलीणबाई म्हटलं नाही. मारोतरावांनी खुर्चीवरची उशी काढली, वाकून तिच्या कमरेखाली सारली आणि ती नीट टेकली आहे की नाही, ते हात लावून पाहिलं.